ऑपरेशन एकट्याचे, पथ्य सगळ्यांचे

भिवंडी तालुक्यात शेतांवर गोदामे उभी राहिली. नांगर सुटला, पण ताट तेवढेच राहिले. मग वजन वाढते आणि काहींवर जठर लहान करण्याच्या ऑपरेशनची वेळ येते. २०१७ साली इजिप्तच्या इमान अहमदवर मुंबईत हेच ऑपरेशन झाले, तेव्हा त्याचा गावोगावी बोलबाला झाला. मात्र जठर लहान झाले तरी आपला आग्रह लहान होत नाही. हळदीत ‘एवढ्याने काय होतंय?’ म्हणत वाढणारे आपणच! थोडे खाणे, जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर. हे एकट्याने निभत नाही. पथ्य सुटले की वजन पुन्हा चढते. म्हणून ऑपरेशन झालेल्यांनी महिन्यातून एकदा एकत्र बसावे, एकमेकांचे कान धरावेत. नारपोलीत महापालिकेने, खेड्यात ग्रामपंचायतीने खोली द्यावी. आशाताईंनी निरोप पोचवावा. बचत गट पैशाचा हिशेब ठेवतो, मग घासाचा का नको?