पाऊस फितूर, मग वैरी कोण?

पावसाळा आला की छत्र्यांबरोबर एक मतही दरवर्षी बाहेर पडतं. यंदा ते मांडलं आपल्या सोलापुरातल्याच एका विद्वानांनी, आणि तेही शेवटचा शब्द सांगून टाकल्याच्या थाटात. मत असं: दरडी पावसाने कोसळतात, गुरुत्वाकर्षण तर बाराही महिने असतंच, ते कारण असतं तर डोंगर रोज पडले नसते का? शिवाय दरड ही कोकणची आणि सह्याद्रीची डोकेदुखी, सपाट सोलापूरकराने त्यात नाक खुपसू नये. उपाय म्हणजे झाडं लावावीत. आणि एवढं करूनही डोंगर आलाच, तर तो निसर्गाचा कोप. चारच मुद्दे, चारही सुटसुटीत, आणि चारही चूक.

शेवटचे दोन आधी निकालात काढू. कोपाला उताराचा कोन लागत नाही, दरडीला लागतो. एवढं त्या मुद्द्याला पुरे. झाडं अवश्य लावावीत, पण मुळं माती धरतात ती वरच्या थरात. घसरण त्याखालून सुरू झाली तर झाडं उभीच्या उभी खाली येतात.

आता तो लाडका मुद्दा: जे रोज असतं ते कारण नव्हे. हे म्हणजे वेढा घालून बसलेली फौज रोजच तिथे होती, तेव्हा किल्ला पडण्याशी तिचा संबंध नाही, असं म्हणण्यासारखं झालं. किल्ला पडला तो रात्री दिंडी उघडणाऱ्या फितुरामुळे, कबूल. पण बाहेर फौजच नसती तर त्या उघड्या दिंडीतून आत काय आलं असतं? वारा! पाऊस हा तो फितूर आहे. तो डोंगराला खाली ओढत नाही, डोंगराची पकड सोडवतो. हे समजायला प्रयोगशाळा नको, खळ्यावर चला. मंगळवेढ्याच्या मालदांडीची रास घालताना सुपातून ज्वारी पडत राहते, रास चढत जाते, आणि उतार तीस अंशांच्या आसपास आला की पुढचं ओंजळभर धान्य टिकत नाही. एक पातळ थर सुळकन घसरतो, रास पायथ्याशी पसरते आणि उतार पुन्हा तेवढाच राहतो. खळ्यावर पावसाचा थेंब नाही, वारा पडलेला, तरी घसरण झालीच. उतारावरच्या प्रत्येक दाण्याच्या वजनाचे दोन वाटे होतात: एक दाण्याला खालच्या थरावर दाबून धरतो, दुसरा उतारावरून खाली खेचतो. उतार जितका उभा, तितका दुसरा वाटा मोठा आणि पहिला लहान. घर्षण जगतं ते पहिल्या वाट्यावर. डोंगरात पाणी मुरतं तेव्हा मातीचं वजन वाढतं हे खरं, पण त्याहून घातक गोष्ट अशी की कणांमधल्या पोकळ्यांत अडकलेलं पाणी दाबाखाली येतं आणि वरचा भार स्वतःच उचलू लागतं. कण एकमेकांवर दाबले जात नाहीत, घर्षण उपाशी मरतं. ‘पाण्याने माती गुळगुळीत होते’ ही समजूत इथे अपुरी पडते. आणि एवढ्यानेही समाधान होत नसेल तर चंद्राकडे पाहावं. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ ज्या दरीत उतरलं, तिथे डोंगरावरून घसरून आलेल्या मातीचा पट्टाच पसरलेला आहे आणि अंतराळवीरांनी त्याचे नमुनेही आणले. चंद्रावर मॉन्सून कुठल्या तारखेला दाखल होतो, हे विद्वानांनी एकदा सांगावं. आपल्याकडे दरडीखाली माळीण गाव ३० जुलै २०१४ ला गेलं, तळिये २२ जुलै २०२१ ला, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री. तोच पाऊस शेजारच्या कितीतरी वाड्यांवर पडला आणि त्या जागच्या जागी राहिल्या. केव्हा, हे पावसाने ठरवलं असेल. कुठे, हे उताराने, त्याखालच्या कुजलेल्या खडकाने आणि वजनाने आधीच ठरवून ठेवलं होतं.

पावसाच्या नावावर बिल फाडायची खोड आपल्याला जुनी आहे. जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर पावसाच्या या जिल्ह्यात उसाचे फड वाढवत न्यायचे आणि विहिरी आटल्या की आभाळाकडे बोट दाखवायचं, हे किती उन्हाळे चाललं! पडला नाही म्हणून दुष्काळ, पडला म्हणून दरड. आरोपी सोयीचा आहे. त्याला समन्स बजावता येत नाही.

राहिला सपाट सोलापूरचा मुद्दा. सपाट म्हणजे काय, हे भीमेला विचारावं. ती उताराशिवाय वाहते काय? इथली काळी माती पावसात फुगते ती उताराशी काटकोनात, आणि उन्हाळ्यात आकसते तेव्हा वजनाने सरळ खाली बसते. या वर-खाली होण्यात ती दरसाल किंचित पुढे सरकते. डोळ्यांना दिसत नाही, पण कललेले खांब आणि पोट काढलेल्या कुंपणभिंती ते सांगतात. माळावर वीतभर मुरमाड जमीन आणि ओढ्याकाठी पुरुषभर काळी, ही वाटणी पाण्याने आणि गुरुत्वाकर्षणाने मिळून केली आहे. पूर ओसरताना नदीची दरड ढासळते तीही याच हिशेबाने: बाहेरच्या पाण्याचा टेकू जातो, काठात मुरलेलं पाणी मात्र आतच राहतं. आणि १४ ऑक्टोबर २०२० ला मुसळधार पावसात पंढरपूरच्या कुंभार घाटावर भिंत कोसळून सहा जीव गेले. तिथे सह्याद्री नव्हता, वजन होतं.

मग करायचं काय? फार नवं काही नाही. उताराचा पायथा कापू नये, माथ्यावर ओझं चढवू नये, मुरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट द्यावी, आणि चर किंवा विहीर खणताना बाजू उभ्या न ठेवता माती झेपेल तेवढ्याच तिरक्या ठेवाव्यात. शेतात बांध समपातळीत घालावेत. सोलापूरचं कोरडवाहू शेती संशोधन केंद्र १९३३ पासूनचं आहे, तेव्हा हे ज्ञान परगावाहून आणायची गरज नाही. यादी छोटी आहे, पण तिच्यातल्या प्रत्येक कामाला करणारा माणूस आहे आणि न करणाराही. पाऊस हेच कारण मानलं की कुणीच जबाबदार उरत नाही. वजन हे कारण मानलं की पायथा कुणी कापला, हा प्रश्न विचारावाच लागतो. विद्वानांना तो नको असेल, तर त्यांनी खुशाल पावसावर लिहावं. वजनाला सुट्टी नसते.