लिंडबर्ग गुन्हेगार, पण कशाचा?

'लिंडबर्गनेच आपलं मूल मारलं' हा हौशी संशोधकांचा सिद्धांत आपल्याही काही तरुणांना पटू लागला आहे. कारण उघड आहे. एकट्याने अटलांटिक पार करणारा हा अमेरिकन वैमानिक वंशशुद्धीचा समर्थक होता. १९३८ मध्ये त्याने गोअरिंगच्या हातून नाझी पदक घेतलं. मग अधू मुलाचा काटा काढायला तो कचरेल कशाला, असा हा तर्क.

त्याच्या वंशवादाला आमच्याकडे माफी नाही. पण वंशवाद हा खुनाचा पुरावा होत नाही. १ मार्च १९३२ ला न्यू जर्सीतल्या घरातून वीस महिन्यांचं बाळ पळवलं गेलं. पुढे हाउप्टमानच्या गॅरेजमध्ये खंडणीतले चौदा हजार डॉलर सापडले. १९३६ मध्ये त्याला फाशी नव्हे, विजेच्या खुर्चीत मृत्युदंड दिला गेला. तो एकटाच होता का, खटला नीट चालला का, हे जरूर विचारा. त्यातून बाप खुनी कसा ठरतो? खैरलांजीनंतर 'अनैतिक संबंधां'ची कुजबूज पसरवली गेली, तेव्हा पुरावा मागणारे आपणच होतो ना?

आणि अशा तर्कांचा पहिला बळी कोण? 'घरातलंच कुणीतरी' म्हणताच पोलिसांची नजर नोकरांकडे वळली. लिंडबर्गच्या सासुरवाडीची मोलकरीण व्हायोलेट शार्प हिची पुन्हा पुन्हा चौकशी झाली. जून १९३२ मध्ये आणखी एका चौकशीचा निरोप आला आणि तिने विष घेतलं. त्या रात्री आपण कुठे होतो हे तिने सांगितलं होतं. ते खरं निघालं, ती गेल्यावर.