भंगार कोणी ठरवायचे?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या आपल्या प्रणालीला मिळणाऱ्या नियमित मोफत सुरक्षा-दुरुस्त्या बंद केल्या. त्या दिवशी सकाळी जे लॅपटॉप चालत होते ते सायंकाळीही चालतच होते. कळफलकावर बोट ठेवले की पडद्यावर अक्षर उमटत होते, जुनी पत्रे उघडत होती, हिशेबाच्या बेरजा बरोबर येत होत्या. यंत्रात काहीही बिघडले नव्हते. तरीही त्या दिवसापासून ती यंत्रे ‘जुनी’ ठरली. आपण पूर्ण दाम मोजून घेतलेली, आपल्याच घरात असलेली वस्तू निकामी झाल्याचे आपल्याला दुसऱ्याच कोणी कळवावे आणि आपण ते मुकाट्याने मान्य करावे, हा व्यवहार आता इतका अंगवळणी पडला आहे की त्यात काही विपरीत आहे असेही कोणास वाटत नाही.

जळगाव-धुळ्याकडे हा प्रश्न कोणत्या रूपात येतो ते पाहावे. रावेर-यावलच्या केळीवर किंवा शिंदखेडा-पारोळ्याच्या कपाशीवर ज्यांचे घर चालते, त्यांच्या मुलाला शहरातील कॉलेजात धाडताना हप्त्याने किंवा जुन्या बाजारातून एक लॅपटॉप घेतला जातो. थोरल्याचे शिक्षण संपले की तो धाकटीकडे येतो. अशा यंत्राचे वय आठ-दहा वर्षे असणे हे आपल्याकडे नवल नव्हे. ‘विंडोज ११’ला मात्र साधारणपणे २०१७च्या अखेरीपासून पुढचा प्रोसेसर लागतो आणि टीपीएम २.० नावाची एक सुरक्षा-चिपही लागते. ज्या यंत्रात त्या नाहीत त्याने बाजूला व्हावे, असा हा हुकूम आहे. दुकानात गेले की सल्ला ठरलेला असतो: “यात पैसे घालू नका, नवीन घ्या.” नवीन म्हणजे तीस-चाळीस हजार रुपये. ज्या घरात वर्षाचा हिशेब बोंडअळीवर आणि केळीच्या भावावर ठरतो, त्या घरात या सल्ल्याचा अर्थ एवढाच होतो की धाकटीने मोबाइलच्या चिमुकल्या पडद्यावर अभ्यास करावा.

कंपनीने ऑक्टोबर २०२६पर्यंत एक वर्षाची वाढीव मुदत देऊ केली, हे खरे. पण ती सरसकट नव्हे. तीस डॉलर भरा, नाही तर आपल्या यंत्रातील मांडणीची प्रत कंपनीच्या साठ्यात ठेवा, नाही तर कंपनीचे बक्षीस-गुण खर्चा, अशा अटी तिने घातल्या. युरोपातील ग्राहक संघटनांनी मात्र आवाज उठवला आणि तेथील ग्राहकांसाठी त्या अटी शिथिल करून मुदत मोफत द्यावी लागली. ज्यांनी संघटित होऊन विचारले त्यांना मिळाले. ज्यांनी विचारले नाही त्यांना दरपत्रक मिळाले. कामगार चळवळीत वाढलेल्या कार्यकर्त्याला याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नसावी.

या हुकमाला उत्तर आहे, आणि ते अंगठ्याएवढे आहे. आठ किंवा सोळा गिगाबाइटच्या पेन-ड्राइव्हवर एक हलकी लिनक्स प्रणाली उतरवून घ्यावी, लॅपटॉप सुरू करताना त्याच्या कंपनीने नेमून दिलेली कळ दाबून यूएसबीची निवड करावी, की यंत्र आपल्या पोटातील डिस्कला न शिवता त्या पेन-ड्राइव्हवरून चालू लागते. ज्याची डिस्क मेली आहे असा लॅपटॉपही याने उठून बसतो. अशा प्रणाली एक नव्हे, अनेक आहेत. २००३ साली ऑस्ट्रेलियातील बॅरी कॉलर यांनी सुरू केलेली ‘पपी लिनक्स’ स्वतःला संपूर्णपणे यंत्राच्या रॅममध्ये चढवून चालते. ग्रीसमधून निघणारी ‘अँटीएक्स’ ही तर जुन्याच यंत्रांसाठी बांधलेली असून स्वतःला अभिमानाने फॅसिझमविरोधी म्हणवते. एक-दोन गिगाबाइट रॅमच्या यंत्रावर ती उभी राहते.

यातील खरी खुबी ज्याला ‘पर्सिस्टन्स’ म्हणतात तीत आहे. मूळ प्रणाली पेन-ड्राइव्हवर घट्ट दाबलेल्या आणि केवळ वाचता येणाऱ्या स्वरूपात असते. तिच्यात काही बदलता येत नाही. तिच्यावर एक कोरा थर अंथरलेला असतो. आपण लिहिलेले पत्र, बसवलेला मराठी कळफलक, जोडलेला प्रिंटर, हे सारे त्या थरावर उमटते. छापील पोथीवर पारदर्शक कागद ठेवून त्यावर टिपणे करावीत तसा हा प्रकार आहे. वाचणाऱ्याला दोन्ही एकत्र दिसतात, आणि पोथीला धक्का लागत नाही. हा थर नसेल तर यंत्र बंद होताच सारे पुसले जाते. तो असेल तर पेन-ड्राइव्ह खिशात घालून माणूस चोपड्याहून शिरपूरला गेला आणि तेथे दुसऱ्याच्या यंत्राला, त्याच्या परवानगीने, ती लावली तरी आपले टेबल जसे सोडले तसे त्याला मिळते. यंत्र कोणाचेही असो, काम आपले राहते.

आता आक्षेपांकडे वळू. आपल्यातीलच काही जाणते साथी म्हणतील, हा तंत्रज्ञांचा विषय आहे, पक्षाने त्यात कशाला पडावे? १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली, म्हणून ती आपल्याला वाचता येतात. तुरुंगात साधने ती काय असणार! पण गुरुजींच्या लेखणीला कोणी मुदत घातलेली नव्हती, आणि त्यांनी लिहिलेले अक्षर ठरावीक दुकानाच्या चष्म्यातूनच दिसेल अशी अट नव्हती. आपली स्थिती काय आहे? संगणक आल्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांत आपल्या चळवळींनी काढलेली पत्रके, ठराव आणि अहवाल यांतील पुष्कळसा मजकूर त्या त्या कंपनीच्या खास मराठी फाँटांत टंकलेला आहे. तो फाँट ज्या यंत्रावर नाही त्यावर ते कागद उघडले तर मराठीऐवजी रोमन चिन्हांचा चिवडा दिसतो. अवघ्या तीस वर्षांपूर्वीचा आपला इतिहास आपल्यालाच वाचता येईना, तर हा विषय तंत्रज्ञांचा कसा? साधन कोणाच्या ताब्यात आहे हा प्रश्न समाजवाद्यांनी गिरणीच्या बाबतीत विचारला, जमिनीच्या बाबतीत विचारला. लिहिण्याच्या साधनापाशी येताच तो गैरलागू कसा होतो?

दुसरा आक्षेप नोकरीचा आहे, आणि तो हलका नाही. मुलाला बाजारात जे चालते तेच शिकवा, असे पालक म्हणतात. त्यांचे काही चुकत नाही. बाजार तसा घडवणाऱ्यांचे चुकते. २००१ साली राज्य शासनाच्या पुढाकाराने महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि त्याचा ‘एमएस-सीआयटी’ हा अभ्यासक्रम खेडोपाडी पोहोचला. शासकीय पदांच्या अनेक जाहिरातींत त्याची वा त्याला समकक्ष अशा प्रमाणपत्राची अट असते. लाखो मराठी मुलांनी संगणकाला पहिल्यांदा हात लावला तो या वर्गांत, याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु तेथे ती मुले प्रामुख्याने एकाच कंपनीची प्रणाली आणि तिचेच ऑफिस शिकत आली. सार्वजनिक अट आणि खाजगी माल यांची ही सांगड कोणाच्या हिताची? लिपीचे शिक्षण देताना ठरावीक कंपनीच्याच पेनाने लिहिले तर उत्तीर्ण, असे आपण म्हणत नाही.

याला पर्याय नव्हता असेही नाही. केरळात २००१ साली ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्प सुरू झाला. डाव्या विचारांच्या शिक्षक संघटनांनी मुक्त प्रणालीचा आग्रह धरला आणि काही वर्षांत तेथील सरकारी शाळांचे संगणक शिक्षण, परीक्षेसह, लिनक्सवर गेले. २०१९ साली तेथील ‘काइट’ या शासकीय संस्थेने हिशेब मांडला की दोन लाखांहून अधिक शालेय संगणक मुक्त प्रणालीवर चालवल्याने सुमारे ३,००० कोटी रुपये वाचतात. त्या मुलांना नोकऱ्या मिळेनाशा झाल्या, असे कोणी ऐकले आहे काय? केंद्र सरकारचे २०१५चे धोरणही शासकीय कामात मुक्त प्रणालींना अग्रक्रम द्यावा असेच सांगते. मराठीतून शिकण्याची सोयही उपलब्ध आहे: मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमात लिनक्स आणि लिबरऑफिस यांचे पाठ मराठी निवेदनासह विनामूल्य मिळतात. उणीव आहे ती इच्छेची.

पण या बाजूच्या उत्साही मंडळींनाही दोन शब्द सुनावणे भाग आहे. पेन-ड्राइव्ह ही जादूची कांडी आहे असा प्रचार करणारा कार्यकर्ता पहिल्या महिन्यातच लोकांचा विश्वास गमावील. पेन-ड्राइव्हच्या पेशींवर ठरावीक वेळाच लिहिता येते. रोजच्या लिखाणाने स्वस्त माल लवकर झिजतो. जुन्या यूएसबीवर ती संथ चालते. प्रणाली हलकी झाली म्हणून आजची संकेतस्थळे हलकी होत नाहीत. दोन गिगाबाइटच्या यंत्रात ब्राउझरची चार पाने उघडली की ते धापा टाकू लागते. आणि खानदेशात वीज जाते. पेन-ड्राइव्हची झीज वाचवण्यासाठी काही प्रणाली दिवसभराचे बदल रॅममध्ये ठेवून यंत्र बंद करताना एकदमच उतरवतात. लॅपटॉपची बॅटरी मेलेली असेल आणि मध्येच वीज गेली, तर त्या दिवसाचे काम गेले. अशा ठिकाणी बदल थेट पेन-ड्राइव्हवर लिहिणारी पद्धत निवडावी, झीज पत्करावी आणि आठवड्यातून एकदा प्रत काढून ठेवावी.

याहून गंभीर गोष्ट निराळी आहे. खिशातील पेन-ड्राइव्ह बसमध्ये पडू शकते. सातपुड्याच्या पायथ्याशी २००६च्या वनहक्क कायद्याखाली दावे भरून देणारा कार्यकर्ता आपल्या पेन-ड्राइव्हवर शेकडो आदिवासी कुटुंबांची नावे, आधार क्रमांक, जमिनीचे नकाशे घेऊन फिरत असतो. तो साठा सांकेतिक कुलपात बंद केलेला नसेल तर ज्याला ती सापडेल त्याच्या हाती सारे काही जाते. लिनक्समध्ये हे कुलूप फुकट आहे, फक्त ते थर तयार करतानाच घालावे लागते आणि परवलीचा शब्द विसरून चालत नाही. लोकांनी आपल्यावर विश्वासाने सोपवलेले कागद उघड्यावर नेण्याचा अधिकार आपल्याला नाही, मग प्रणाली कितीही मुक्त असो.

आणि शेवटचा, माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा इशारा. आपल्याकडे ‘जुगाडा’चे फार कौतुक होते. गरिबाने तुटक्या वस्तूतून काही तरी उभे केले की त्याची पाठ थोपटायची आणि त्याला धड वस्तू देण्याचे कर्तव्य विसरायचे, ही राज्यकर्त्यांना फार सोयीची रीत आहे. जुन्या लॅपटॉपला पेन-ड्राइव्ह लावून धाकटी अभ्यास करू लागली, म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळेला संगणक कक्ष नको, असे उद्या कोणी म्हटले तर ते आपल्याला चालणार नाही. पेन-ड्राइव्ह हा आजचा बचाव आहे. सार्वजनिक शिक्षणातील साधने कोणत्याही कंपनीच्या तारखेने निकामी ठरू नयेत, हा आपला हक्क आहे. बचाव करता करता हक्क सुटू देऊ नये.

म्हणून जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील साथींनी पुढील कामे हाती घ्यावीत. शाळा, महाविद्यालये आणि शासकीय कार्यालये जे संगणक निर्लेखित करून लिलावात काढतात, ते आधी मुक्त प्रणालीवर चालवून पाहिल्याखेरीज निर्लेखित होऊ नयेत, अशी मागणी जिल्हा परिषदेत आणि विद्यापीठाच्या अधिसभेत करावी. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेतील महाविद्यालयांत तसे झाले तर सुरुवातीला तेवढेही पुष्कळ आहे. नोकरीसाठी आवश्यक ठरणाऱ्या प्रमाणपत्र-परीक्षा लिनक्स व लिबरऑफिसवर देण्याची मुभा असावी. शासनाचे नमुने आणि अर्ज युनिकोड मराठीत, कोणत्याही यंत्रावर उघडतील अशा स्वरूपात मिळावेत. आणि प्रत्येक तालुका कार्यालयात महिन्यातून एक रविवार असा ठेवावा की ज्या दिवशी कोणीही आपला ‘भंगार’ लॅपटॉप घेऊन यावे आणि तो चालू करून, मराठी टंकन बसवून आणि पेन-ड्राइव्हची एक जादा प्रत घेऊन घरी जावे. या प्रणालीची प्रत काढून शेजाऱ्याला देणे हा गुन्हा नव्हे. तिच्या परवान्यानेच तो हक्क दिलेला आहे.

पहिल्या रविवारी चार माणसे येतील, त्यांतील एकाचे यंत्र काही केल्या चालू होणार नाही. हरकत नाही. उरलेली तीन यंत्रे तरी कोणाच्या हुकमाने भंगारात जाणार नाहीत.