बाटली नंतर, आधी नळी

पारोळ्यात माझं मेडिकल आहे. एका अंगाला धुळं, दुसऱ्या अंगाला जळगाव, दोन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं. पण मधल्या गावांतली म्हातारी माणसं आधी माझ्या काउंटरवर येतात. थंडी पडली की एक तक्रार हमखास वाढते. "भाऊ, रातभर लघवीच नही व्हयनी," असं कुणी आबा शेजारच्या गिऱ्हाइकाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं सांगतात. सोबतच्या मुलाच्या मोबाइलवर मात्र अँटिऑक्सिडंटच्या बाटलीचा फोटो तयार असतो: मूत्राशयाचं रक्षण करणारी म्हणे. पाच-सातशे रुपयांची. ती माझ्या फळीवरही असते, पण अशा वेळी मी ती काढत नाही.

जाहिरात धादांत खोटी नसते, हीच तर पंचाईत आहे. मूत्राशयात साधारण 400 ते 500 मिलिलिटर लघवी मावते. वाढलेल्या प्रोस्टेट ग्रंथीनं वाट अडवली की लिटरभरही तुंबते. पिशवी तट्ट फुगली की भिंतीतल्या रक्तवाहिन्या ताणून बारीक होतात. ठिबकची नळी ओढून धरल्यावर शेवटच्या केळीला पाणी पोचत नाही, तसंच. पुढचं जास्त विचित्र आहे. पिशवी रिकामी होते, रक्त परत धावत येतं, आणि त्याच्यासोबत आलेल्या प्राणवायूपासूनच फ्री रॅडिकल तयार होऊन पेशींची आवरणं आणि नसांची टोकं जाळतात. वाट अर्धवट अडलेली असेल तर जोर लावून लघवी करताना हेच रोज थोडंथोडं घडतं. काही वर्षांत स्नायूतली ताकदच जाते. अमेरिकेत ऑल्बनीच्या रॉबर्ट लेविन यांनी सशांवर हे वर्षानुवर्षं तपासलं. कोएन्झाइम क्यू-10, लिपोइक आम्ल, द्राक्षाची पूड अशी अँटिऑक्सिडंट दिलेल्या सशांच्या मूत्राशयांना इजा कमी झाली.

पण आबा ससा नव्हेत. प्रयोगात सशाला संरक्षण आधीपासून मिळतं. आबा येतात ते रात्रभर पिशवी ताणून घेतल्यावर. आणि माणसांवरच्या मोठ्या चाचण्यांनी आधीच कान पिळले आहेत. अमेरिका-कॅनडातल्या 35 हजारांहून अधिक पुरुषांवरच्या 'सिलेक्ट' चाचणीत ई-जीवनसत्त्वाच्या, म्हणजे अँटिऑक्सिडंटच्याच, गोळ्या दिल्या होत्या, प्रोस्टेटचा कर्करोग टळावा म्हणून. 2011 मध्ये निष्कर्ष आला: तो कर्करोग 17 टक्क्यांनी वाढला होता.

रक्तपुरवठा तुटू न देणं हेच खरं रक्षण. लघवी पूर्ण बंद झाली तर मूत्राशयात नळी टाकून ती काढायची, ताबडतोब. जवळचा सरकारी दवाखाना गाठायचा, तिथं जमलं नाही तर धुळं तासाभरावर आहे. धार बारीक झालीय, रात्री चार वेळा उठावं लागतंय, एवढ्यावरच सोनोग्राफी करून पिशवीत किती लघवी उरते ते पाहून घ्यायचं. बिडी सोडायची, साखर ताब्यात ठेवायची, कारण दोन्हींमुळे त्याच बारीक रक्तवाहिन्या बाद होतात.

थंडीतला खरा चोर वेगळाच असतो. सर्दीच्या मिश्र गोळीतलं क्लोरफेनिरामीन पिशवीची आकुंचनाची ताकद कमी करतं, फिनाइलेफ्रिन तिचं तोंड आवळतं. प्रोस्टेट वाढलेल्या माणसानं दोन दिवस ती घेतली की तिसऱ्या दिवशी लघवी अडू शकते. म्हणून नातू सर्दीची गोळी मागायला आला की मी विचारतो, "घरात कुणासाठी? आजोबांना लघवीचा त्रास आहे का?" पोरं हसतात. हसू देत.

'मग आपल्या भरताच्या वांग्यात नाही का अँटिऑक्सिडंट?' असंही एकानं विचारलं. आहे की. पऱ्हाट्यांवर भाजून, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे घालून कळण्याच्या भाकरीशी खुशाल खा. फक्त अडलेली लघवी त्यानं सुटेल, असं मला सांगू नका.

अँटिऑक्सिडंटच्या बाटल्यांवर 'औषधी वापरासाठी नाही' हा इशारा छापणं कायद्यानं सक्तीचं आहे. माझ्या फळीवरच्या बाटल्यांवर तो इंग्रजीत आहे, मुंगीएवढ्या अक्षरांत, मागच्या बाजूला. पुढच्या बाजूला, मराठीत, बाटलीच्या नावाएवढ्याच ठळक टायपात तो छापायला सरकारनं लावावं. आबांना चष्म्याशिवाय वाचता येईल एवढा.