बारा म्हणजे बारा टक्के नव्हे!

मागच्या दिवाळीनंतर मामांना भाकरी गिळताना अडकायला लागली. घरच्यांना वाटलं, पित्त असेल. मग भाकरी दुधात कुस्करून, मग मऊ भात, मग नुसती पेज. पुण्यात दुर्बिणीची तपासणी होईपर्यंत चार महिने गेले. अन्ननलिकेचा कॅन्सर. तंबाखूची डबी तोवर खिशातच होती.

बायोप्सीच्या रिपोर्टवर एक ओळ होती : पीडी-एल१, सीपीएस १२. संध्याकाळपर्यंत खोडदला बातमी पोचली, 'बाराच टक्के चान्स आहे म्हणे.' दोन दिवसांत त्याचे बारा महिने झाले. दादाचा मला फोन, "तू पेपरात आहेस ना, बघ की जरा." (इंटर्नला घरचे थेट संपादकच समजतात.)

मी डॉक्टरांना विचारलं, थोडं वाचलं. पीडी-एल१ हे प्रोटीन. त्याच्या जोरावर कॅन्सरच्या पेशी आपल्या प्रतिकारशक्तीला गप्प बसवतात. गाठीच्या तुकड्यात हे प्रोटीन असलेल्या पेशी मोजायच्या, गाठीच्या आणि प्रतिकारशक्तीच्याही. त्या आकड्याला गाठीतल्या जिवंत कॅन्सर पेशींच्या संख्येने भागायचं, १०० ने गुणायचं. झाला सीपीएस. पेम्ब्रोलिझुमॅब या औषधाच्या कीनोट-५९० चाचणीत ज्यांचा स्कोअर १० किंवा जास्त होता, त्यांना केमोसोबत हे औषध दिल्याचा फायदा ठळक दिसला. म्हणजे मामांचा १२ ही त्यातल्या त्यात बरी बातमी होती! आणि घरात रडारड चालू होती.

प्रोटीन मार्करची कामं दोन, आणि आपण ती एकात कालवतो. काही मार्कर आजाराचा जोर सांगतात. केआय-६७ वरून पेशी किती वेगाने वाढताहेत ते कळतं. काही सांगतात, कुठलं औषध लागू पडेल. जठराजवळच्या अडेनोकार्सिनोमात एचईआर२ सापडलं तर ट्रास्टुझुमॅब देता येतं. आपल्याकडे जास्त आढळणाऱ्या स्क्वॅमस प्रकारात त्याचा फारसा उपयोग नाही. पण बातमीत सगळ्याला एकच हेडिंग : 'आता प्रोटीन सांगणार रुग्णाचं भविष्य'. ती काय पत्रिका आहे? असं हेडिंग कॉलेजच्या असाइनमेंटमध्ये मीही दिलंय, मार्कही मिळाले. हा मार्कर दुसऱ्या हॉस्पिटलच्या पेशंटवर टिकला का, त्याने उपचारात काय बदललं, हे मी विचारलंच नव्हतं.

खोडदला जीएमआरटी आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. विज्ञान दिनाला तिथे शाळा-कॉलेजांची झुंबड उडते, आणि आकाशातून येणारा क्षीण सिग्नल गोंगाटातून कसा वेचतात हे पोरांना मराठीत कळतं. पल्सार मराठीत सांगता येतो, तर रिपोर्टखाली दोन ओळी मराठीत का नसाव्यात? हा आकडा कशाचा आहे आणि कशाचा नाही, एवढंच.

औषधाचा खर्च लाखांच्या घरात जातो, तो प्रश्न आहेच. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोकं-मानेच्या कॅन्सरमध्ये निवोलुमॅब अवघ्या २० मिलिग्रॅमच्या डोसमध्ये देऊन फायदा दाखवलाय. पण तो आजार वेगळा, त्यामुळे मी तो दादाला पाठवलेला नाही.

मामांची केमो सुरू झालीय. फाइलवर दादाने पेनाने लिहून ठेवलंय : 'सीपीएस १२. औषधासाठी. आयुष्याचा आकडा नाही.' भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मामा आधी ते वाचायला लावतात.