दहा मीटरच्या आतले प्रेम



कोरियन मालिका आता आपल्या घराघरांत पोहोचल्या आहेत. दुकानाची वेळ संपली, रात्रीचा स्वाध्याय आटोपला, की तरुण मुले-मुली नेटफ्लिक्सवर त्या पाहत बसतात. त्या आपणही अधूनमधून पाहाव्यात, असे माझे मत आहे. मुलांशी बोलायला विषय मिळतो. आज अशाच एका छोट्या प्रेमकथेविषयी लिहितो. तिचे नाव ‘लव्ह अलार्म’. पहिला भाग ऑगस्ट २०१९ मध्ये आला, आठ प्रकरणांचा; दुसरा मार्च २०२१ मध्ये, सहा प्रकरणांचा. चॉन ग्ये-यंग या लेखिकेच्या चित्रकथेवर ती आधारलेली आहे.

कल्पना मात्र विलक्षण आहे. मोबाईलमध्ये एक अ‍ॅप असते. आपल्यावर प्रेम करणारी व्यक्ती दहा मीटरच्या आत आली की आपल्या मोबाईलमध्ये घंटा वाजते. बघता बघता सारा समाज त्या घंटेवर विसंबू लागतो. घंटा वाजली नाही तर शब्दांना किंमत उरत नाही. कोणासाठी किती घंटा वाजतात यावर माणसाची प्रतिष्ठा ठरू लागते, आणि ज्यांच्यासाठी एकही वाजत नाही ते खचून जातात.

या जगात जो-जो ही नायिका आहे. कर्जापायी आईवडील गमावलेली ही मुलगी नातेवाइकांच्या आश्रयाने राहते आणि काम करून शिकते. श्रीमंत घरातला सन-ओ आणि त्याच घरात काम करणाऱ्या बाईंचा मुलगा ह्ये-यंग हे जिवलग मित्र; दोघांचेही मन तिच्यावर जडते. तिचेही मन सन-ओमध्ये गुंतते. पुढे एका अपघातानंतर ती त्याच्यापासून दूर होते आणि अ‍ॅप बनवणाऱ्याने दिलेली ‘ढाल’ स्वीकारते. या ढालीमुळे तिच्या मनात प्रेम असले तरी समोरच्याची घंटा वाजत नाही. आपले मन लपवण्याचा हक्क तिला मिळतो. पण पुढे ते उघड करण्याचा मार्गही तिच्यासाठी बंद होतो.

इथपर्यंत मालिका उत्तम आहे. लहानपणी सर्वस्व गमावलेली व्यक्ती प्रेमातही हात आखडता घेते, हे त्या ढालीतून फार बोलके झाले आहे. किम सो-ह्यून या अभिनेत्रीने ते संयमाने दाखवले आहे.

दुसऱ्या भागात मात्र हे भांडवल वाया गेले आहे. अ‍ॅपची नवी आवृत्ती येते. ती पुढे आपण कोणावर प्रेम करू, हेही सांगते. केवढा मोठा प्रश्न! भविष्य आधीच कळले तर निवडीला काय अर्थ उरतो? परंतु मालिका या प्रश्नाजवळून घाईने पुढे निघून जाते. सन-ओच्या जीवनात युक-जो नावाची मुलगी असते. तिचे त्याच्यावर प्रेम आहे. पण त्याच्यामुळे तिची घंटा वाजत नाही, आणि तरीही ती त्याची सोबत सोडत नाही. या मुलीचे दुःख कथेचा गाभा होऊ शकले असते. तिला मात्र मोजकेच प्रसंग मिळतात. ‘कोणाची निवड होणार’ या कुतूहलातच बराच वेळ खर्च होतो. कथा छोटी असणे हा दोष नव्हे. छोट्या कथेने काय सोडायचे हे आधी ठरवावे लागते. येथे नेमके मोलाचेच सुटले.

तरीही ही मालिका मला महत्त्वाची वाटते, कारण तिने विचारलेला प्रश्न आपल्या दारात उभा आहे. परिचय मेळाव्यांत आपण मुला-मुलींचे शिक्षण, उत्पन्न, उंची, घर, व्यवसाय असे रकाने भरतो. ते भरलेच पाहिजेत. व्यवहार आंधळा नसावा. बँकेत कर्जाचा अर्ज तपासताना आम्हीही ताळेबंद पाहायचो, तारण पाहायचो. परंतु तारण हा अडचणीतला आधार असतो. नियमित हप्ता येतो तो माणसाच्या नियतीतून, आणि नियतीसाठी अर्जात रकाना नसतो.

आपल्या अनेकांत विचाराने हेच फार पूर्वी सांगितले आहे. हत्तीचा पाय चाचपणाऱ्याला खांब जाणवतो. ते खोटे नसते, पण अपुरे असते. ती घंटाही खोटे बोलत नाही. त्या क्षणीची ओढ ती अचूक सांगते. आजारपणात उशाशी कोण बसेल, मंदीच्या वर्षी कोण धीर देईल, भांडणानंतर पहिले ‘मिच्छामि दुक्कडम्’ कोण म्हणेल, हे तिला सांगता येत नाही. ह्ये-यंगची योग्यता यातच आहे. जो-जोकडून आपली घंटा वाजणार नाही हे ठाऊक असूनही तो थांबतो, आणि अखेरीस ती त्याचीच निवड करते. हा शेवट योग्य आहे; फक्त तिथवर जाणारी वाट पुरेशी दाखवलेली नाही.

घरात विवाहयोग्य मुलगा वा मुलगी असेल तर ही मालिका एकत्र पाहा. संपल्यावर इतकेच विचारा : “घंटा वाजली नसती, तर तू कशावरून ओळखले असतेस?” नंतर आपण गप्प राहा आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्या. मालिकेने जी चर्चा अर्धवट सोडली, ती कदाचित आपल्या दिवाणखान्यात पूर्ण होईल.

जय जिनेंद्र.