छातीवरचा डोळा

फोंडे महालातील आमच्या परिचयाच्या एका देवस्थानच्या जत्रेनिमित्त देवळापुढच्या मैदानात दरवर्षी कबड्डीचे सामने भरतात. गेल्या महाजन-सभेत यंदाच्या सामन्यांविषयी एक ठराव पुढे आला. चढाईला जाणाऱ्या गड्याच्या छातीवर पट्ट्याने एक लहानसा कॅमेरा बांधावयाचा आणि त्यातून जे दिसेल ते त्याच क्षणी मोबाईलवर प्रक्षेपित करावयाचे. म्हणजे आखातात, लंडनात किंवा लिस्बनात असलेल्या गावकऱ्याला आपण स्वतःच चढाईला गेलो आहो, असा अनुभव घरबसल्या मिळेल, असा तो ठराव. खर्च उचलणारा दातारही मिळाला आहे. ठराव आणणारी मुले कामाची आहेत. जत्रेच्या रात्री पाण्याच्या घागरी वाहणारी आणि दुसऱ्या दिवशी पत्रावळी गोळा करणारी हीच मुले. त्यांच्या हेतूविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. परंतु ठराव चुकीचा आहे, आणि पुढल्या सभेत तो हातोहात संमत होण्यापूर्वी आमचे मत स्पष्ट सांगणे आम्हांस प्राप्त आहे.

'सगळ्या जगात हेच चालले आहे', हा ठरावाच्या बाजूचा पहिला मुद्दा. चालले आहे, हे खरे. जुलै २०२२ मध्ये एजबॅस्टनच्या मैदानावर भारताविरुद्धच्या कसोटीत इंग्लंडचा ऑली पोप शिरस्त्राणात कॅमेरा घेऊन शॉर्ट लेगला उभा राहिला. मे २०२४ मध्ये क्रिस्टल पॅलेस आणि मँचेस्टर युनायटेड यांच्या सामन्यात पंच जॅरेड गिलेट यांनी कॅमेरा लावला. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये असे प्रथमच घडले. २०२५ साली अमेरिकेत झालेल्या क्लबांच्या जागतिक स्पर्धेत तर पंचांच्या कानाजवळच्या कॅमेऱ्यातील दृश्ये जगभर दाखविली गेली. मोटारींच्या फॉर्म्युला वन शर्यतींत २०२३ पासून सर्वच चालकांच्या शिरस्त्राणात, डोळ्याशेजारी, नखाएवढे भिंग बसविलेले असते.

यांपैकी मोटारीची गोष्ट आम्ही निराळी मानतो. तेथे चालक पट्ट्यांनी आसनाशी जखडलेला असतो, त्याचे डोके फारसे हलत नाही आणि नजर समोरच असते. मोनॅकोच्या चिंचोळ्या रस्त्यांवर दोन्हीकडच्या भिंती किती जवळून धावतात, हे बाहेरून पाहणाऱ्यास कळत नाही. चालकाच्या डोळ्याशेजारून पाहिले की पोटात गोळा येतो. तेथे त्या भिंगाने खरोखर काही दाखविले, हे कबूल केले पाहिजे. तसेच इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने २०२३ मध्ये हौशी सामन्यांतील पंचांच्या अंगावर कॅमेरे दिले, ते त्यांना होणारी शिवीगाळ आणि धक्काबुक्की आवरावी म्हणून. तो पुराव्याचा कॅमेरा. त्यास आमचा विरोध नाही. आमच्या मैदानांवरील काही सामने आठवले म्हणजे येथेही त्याची गरज आहे की काय, असे मनात येते, पण तो विषय आजचा नव्हे.

आजचा विषय असा की, 'खेळाडूला जे दिसते ते तुम्हांस दाखवितो' ही प्रतिज्ञाच मुळात खोटी आहे.

मनुष्याचा डोळा खोबणीत घट्ट बसविलेला नाही. मान उजवीकडे वळली की डोळा तेवढाच डावीकडे फिरतो, आणि म्हणूनच धावतानाही जग आपल्याला स्थिर दिसते. कपाळावर अथवा छातीवर बांधलेल्या भिंगाला ही विद्या ठाऊक नाही. त्यातून निघालेले चित्र इतके हिंदकळते की ते यंत्राने सावरून घ्यावे लागते. न सावरावे तर पाहणाऱ्यास मळमळू लागते, सावरावे तर ते खेळाडूचे राहिले नाही. त्यातही भिंग रुंद नजरेचे. जवळचा हात केळीच्या पानाएवढा दिसतो आणि पाच हातांवरचा मनुष्य बाहुल्याएवढा.

याहून मोठी गोष्ट निराळीच आहे. २००० साली मायकेल लँड आणि पीटर मॅक्लॉइड या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी यंत्राने टाकलेले चेंडू खेळणाऱ्या फलंदाजांच्या नजरेचा माग काढला. फलंदाज चेंडूकडे सतत पाहत नाही, असे त्यांना आढळले. चेंडू सुटतो तो क्षण तो पाहतो. मग त्याची नजर चेंडूला सोडून पुढे उडी घेते आणि चेंडू जेथे टप्पा घेणार त्या जागी जाऊन त्याची वाट पाहत बसते. फलंदाज जितका चांगला, तितकी ही उडी लवकर. सारे कौशल्य त्या उडीत आहे, आणि ती उडी डोळ्याच्या बुबुळाची आहे, शिरस्त्राणाची नव्हे. अर्थात शिरस्त्राणावरचा कॅमेरा शिरस्त्राण कोणीकडे वळले होते, एवढेच दाखवितो. खेळाडूचे पाहणे त्याच्या हाती लागत नाही. वीस वर्षे चेंडूमागे घालविल्यावर जी नजर येते, ती पट्ट्याने बांधून दुसऱ्यास देता येईल, ही कल्पनाच आम्हांस खेळाडूचा थोडासा अपमान करणारी वाटते.

आता कबड्डीकडे या. आमच्यातील वडीलधारे तिला अजून हुतूतूच म्हणतात. दम धरून तीस सेकंदांच्या आत सात गड्यांच्या अंगणात जाऊन परत यावयाचे, हा तो खेळ. चांगला चढाईवाला पाहतो डावीकडे आणि पाय टाकतो उजवीकडे. त्याची नजर ही त्याची फसवणुकीची चीज आहे. त्याची छाती तर मुद्दामच खोट्या दिशेला वळलेली असते. त्या छातीवर कॅमेरा बांधला म्हणजे लिस्बनातल्या गावकऱ्यास काय दिसेल? गुडघे, पोटे, मध्येच मंडपाचे छत आणि पकड झाली की अंधार.

आणि मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्याला काय दिसते? उजव्या कोपऱ्यातला गडी अंग चोरून मागे सरकतो आहे. मधल्या दोघांनी एकमेकांचे हात धरले आहेत आणि साखळी हळूच वळते आहे. चढाईवाला पुढच्याला हुलकावणी देण्यात रंगला आहे आणि त्याच्या घोट्यापासून वीतभर अंतरावर दोन हात आले आहेत. त्याला हे ठाऊक नाही. आपल्याला ठाऊक आहे! 'मागे बघ रे!' म्हणून दीपस्तंभाच्या चौथऱ्यावरून जी आरोळी उठते ती याच ठाऊक असण्यातून उठते. दशावतारी काल्यात वेष पालटून आलेला राक्षस कोण, हे सभामंडपातल्या पोराठोरांना कळलेले असते, फक्त समोरच्या राजाला कळत नाही. म्हणून तर पहाटेपर्यंत कोणी उठत नाही. प्रेक्षकाला राजाच्या डोळ्याने नाटक दाखवावयाचे ठरविले तर राक्षसाची गंमत गेली. प्रेक्षकाची जागा ही खेळाडूच्या जागेहून हलकी जागा आहे आणि तेथून त्याला उचलून आत नेले म्हणजे त्याच्यावर उपकार झाले, हा समज आम्हांस मान्य नाही.

अनुभव हवा असेल तर त्यास चित्रही लागत नाही. बाळ ज. पंडित यांचे क्रिकेटचे मराठी समालोचन ज्यांनी आकाशवाणीवर ऐकले, त्यांच्यापुढे लाकडी पेटीखेरीज काही नव्हते. तरीही चेंडू कोणत्या बाजूने सीमेकडे गेला हे त्यांनी पाहिले होते, असे ते आजही शपथेवर सांगतील.

सुरक्षिततेचा मुद्दा सभेत कोणी काढला नाही, याचे आम्हांस नवल वाटते. कबड्डीच्या नियमांप्रमाणे खेळाडूने नखे कापलेली असली पाहिजेत आणि अंगावर दागिना असता कामा नये. बोटातली अंगठीसुद्धा काढून पंचांच्या टेबलावर ठेवावयाची, असा ज्या खेळाचा दंडक, त्या खेळात छातीच्या मध्यभागी टणक डबी बांधून मुलाला सहाजणांच्या अंगाखाली पाठवावयाचे! डबी मोडली तर दुसरी आणू, असे दातार म्हणाल्याचे कळते. ती ज्या बरगडीवर मोडेल तिच्याविषयी ठरावात शब्द नाही.

मग त्या मुलाच्या संमतीचे काय? हे कॅमेरे मुळात खेळाडूच्या हौसेतून जन्मले. निक वुडमन नावाच्या अमेरिकन तरुणाला लाटांवर स्वार होताना आपलीच छायाचित्रे घ्यावयाची होती. २००४ साली त्याने विकलेला पहिला गोप्रो हा मनगटाला बांधावयाचा, साध्या फिल्मचा कॅमेरा होता. स्वतःचा खेळ, स्वतःचे मनगट, आणि चित्रे दाखवावयाची की नाही हा निर्णयही स्वतःचा. थेट प्रक्षेपणात हा शेवटचा निर्णय त्याच्या हातून जातो. दम तुटल्यावर तोंडातून गेलेला शब्द, हरल्यावर डोळ्यांत आलेले पाणी, पकड करणाऱ्या गड्याचा वीतभर अंतरावरून दिसणारा चेहरा, हे सारे परत घेता येत नाही. एजबॅस्टनला पोपच्या शिरस्त्राणातून चित्र घेतले, आवाज घेतला नाही. तेवढा विवेक तेथे होता. आमच्या ठरावात आवाजही आहे. त्यातून यंदा मुलींचेही चार संघ उतरणार आहेत. कॅमेरा बांधलेल्या मुलीची परवानगी घेऊ, असे मुले म्हणतात. तिला पकडावयास येणाऱ्या सातजणींची कोण घेणार?

परदेशी असलेल्या गावकऱ्यांची ओढ आम्ही जाणतो. कतारमध्ये रात्रपाळी करून आलेला मनुष्य जत्रेचे सामने पाहू इच्छितो, ही आनंदाची गोष्ट आहे, आणि त्याला ते अवश्य दाखवावे. परंतु त्याला कोणाच्या बरगडीतून पाहावयाचे नाही. त्याला मैदान पाहावयाचे आहे: कोण कोण आले आहे, चौथऱ्यावर त्याचा म्हातारा बाप कोठे बसला आहे, तळीच्या बाजूचा आंबा अजून उभा आहे की नाही. त्यासाठी अग्रशाळेच्या वरच्या सज्जात, उत्तरेच्या खांबाला, एकच चांगला कॅमेरा पक्का बसवावा. तेथून दोन्ही अंगणे, दोन्ही संघ आणि दीपस्तंभापर्यंतची सारी माणसे एका नजरेत येतात. आम्ही स्वतः उभे राहून पाहिले आहे. समालोचनास शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी आहेतच. त्यांना प्रत्येक मुलाचा आजोबा ठाऊक आहे आणि ध्वनिक्षेपक दिला तर ते नको म्हणणार नाहीत.

एवढे करूनही दाताराच्या देणगीतून बरेच पैसे उरतील. मैदानाच्या पूर्वेकडचा दिवा दोन जत्रांपासून बंद आहे आणि त्या बाजूची रेषा रात्री पंचांनाही दिसत नाही. उपसूचना म्हणून हेही सभेपुढे यावे.